चाळणीवरची ढेकळं

आधीच सांगतो, मला हे लिहायचं नव्हतं. चौथीतनं शाळा सोडलेल्या माणसाकडं दिवाळी अंकासाठी लेख मागतात, म्हणजे आमच्या वाचनालयाला लिहिणारी माणसं मिळेनात. माने सरांनी प्रत्येकाला एकेक शब्द वाटला. कुणाला ‘माहेर’, कुणाला ‘चहा’. मला ‘स्क्रीनिंग’. का, तर म्हणे, "आप्पा, ह्या शब्दावरनं तुम्ही रोज कट्ट्यावर कुणाला तरी शिव्या घालता. तेच लिहा."

घालतो की. चाळीस वर्षं फौंड्रीत वाळू चाळली, आणि म्हातारपणी जो तो मलाच चाळायला बघतोय. असले किस्से साठून पोतंभर झालेत. माझी नात प्राजू हे तपासणार आहे. माझं ‘हाय’ ती ‘आहे’ करते, करू दे. बोललेलं तेवढं बदलायचं नाही असं तिला बजावलंय. आणि लिहायला बसलो ते सरांसाठी नव्हे. एका माणसानं माझी माफी मागायची राहिलीय. तो हा अंक वाचणार हे मला ठाऊक आहे.

ह्या सगळ्यात दत्तू आहे. दत्तू आणि मी एकाच दिवशी फौंड्रीत लागलो, एकाच दिवशी रिटायर झालो. बायको गेल्यावर त्याला घर खायला उठायचं, म्हणून मालकांच्या मागं लागून त्यानं गेटवरची वॉचमनची खुर्ची मिळवली. आता ती खुर्चीच त्याचं घर. मी रोज दहा वाजता उचगावातनं सायकल मारत जातो आणि शेजारी बसतो. तो तपकीर ओढून खोकतो, मी शिव्या घालतो. असा दिवस जातो.

*

साच्याची वाळू परत परत वापरतात. ओतकाम झालं की ती चाळायची. खाली पडली ती चांगली. वर राहतात लोखंडाचे तुकडे आणि ढेकळं. तुकडे भट्टीत जातात, ढेकळं फोडून परत चाळणीवर. फेकायचं काही नाही.

आमच्या वेळीच एक नवा इंजिनिअर आला, कोडोलीचा. त्यानं हलणारी चाळण बसवली, तिला स्क्रीनिंग मशीन म्हणायला लागला आणि हुकूम काढला, वर राहील ते सगळं बाहेर फेका.

मी म्हटलं, "साहेब, ढेकळात बी वाळूच अस्तीया."

"काका, एकदा नापास ते नापास. टाइम वेस्ट."

दत्तू फावडं घेऊन तिथंच होता. त्याची बहीण कोडोलीत दिलेली, त्यामुळं त्याला सगळं ठाऊक. दोनदा खोकला आणि म्हणाला, "तुमच्या वडलांनी आसं केलं न्हाई ते बरं झालं. बारावीला दोनदा बसलासा न्हवं?"

साहेब त्या दिवशी डबा न उघडताच परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मशीनशेजारी ढेकळं फोडायला एक लाकडी मोगरी टांगलेली होती.

*

आम्ही रिटायर व्हायच्या वर्षी पुण्याची एक बाई फौंड्रीवर फिल्म काढायला आली. दोन दिवस कॅमेरा दत्तूच्या मागं. गड्यानं भट्टीसमोर इस्त्रीचा शर्ट घातला. मग शहरात एका हॉलमध्ये तिचं स्क्रीनिंग ठेवलं. आम्ही सगळे तेल लावून, भांग पाडून गेलो.

फिल्म सुरू झाली. भट्टी दिसली, ठिणग्या दिसल्या, दत्तूचे हात दिसले. तोंड काही येईना. दत्तू खुर्चीच्या काठावर. आणि अंधारात, भट्टीच्या आवाजातनं, एक खोकला आला. ढॅण् ढॅण्.

अख्खा हॉल एकदम ओरडला, "दत्तू!"

संपल्यावर बाईनं विचारलं, "काका, कशी वाटली?"

"बाई, तोंड काढून टाकलासा आन खोकला ठिवलासा व्हय?"

"खोकल्याशिवाय ती फौंड्री खरी वाटेना, काका."

दत्तू खूश. मला काही ते बरं वाटलं नाही. बाहेर आल्यावर म्हटलं, "दत्त्या, ती छाती दाखव कुणाला तरी."

"आणि किती दाखवू? आत्ता सगळ्या कोल्हापुरानं ऐकली."

*

प्राजूनं हैदराबादच्या एका कंपनीत अर्ज केला. चार मिनिटांत नकार आला. म्हणाली, "आजोबा, माणसानं वाचलाच नाही. मशीन स्क्रीनिंग करतं."

चार मिनिटं! अहो, वाळूची मूठ दाबून, मोडून, परत दाबून बघायला मला त्याहून जास्त वेळ लागायचा. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी ताटाजवळ बसून तिला एवढंच म्हटलं, "ढेकूळ हाईस. फोड आणि परत टाक."

तिनं सगळा अर्ज मोडला, नव्यानं मांडला आणि परत टाकला. लागली. आता त्याच कंपनीत आलेले अर्ज तपासायच्या कामाला आहे. मी विचारलं, "वर ऱ्हायलेल्यांचं काय करतीस गं?"

"मशीननं टाकलेले जेवणाच्या सुट्टीत मी परत बघते. कुणाला सांगू नका आजोबा."

सांगत नाही. लिहितोय.

*

तिला बघायला मी आणि दत्तू विमानानं गेलो. मी नातवाच्या लग्नात शिवलेली पँट घातली होती. कमरेला ढिली होत होती, म्हणून दत्तूनं निघायच्या आधी खिळा ठोकून पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडून दिली.

तिथं सामानाचं स्क्रीनिंग, मग माणसाचं. वर्दीतला म्हणाला, "बाबा, बेल्ट काढून ट्रेमध्ये ठेवा." ठेवला. "हात वर करा." केले.

पँट खाली.

मागं लाइनीत तीसेक माणसं, त्यांत कुणाच्या तरी सुना. मला खाली वाकायचंही सुचेना. दत्तूनं मागनं येऊन दोन्ही हातांनी पँट वर धरली आणि त्या वर्दीतल्याला म्हणाला, "साहेब, हेला बी ट्रेमधनंच घाला. उभा ऱ्हाईना झालाय."

वर्दीतला हसला, लाइन हसली. दत्तू तर खोकून खोकून हसला. हैदराबादेत हसला, परत येताना हसला. महिनाभर गेटवर येणाऱ्या प्रत्येकाला साभिनय करून दाखवलं.

*

गेल्या वर्षी फौंड्रीत नोटीस लागली. साठीच्या वरच्या सगळ्या कामगारांचं हेल्थ स्क्रीनिंग, छातीचा फोटो सक्तीचा. छातीत काही निघालं तर कामावर यायचं नाही.

दत्तूनं नोटीस तीनदा वाचली. दिवसभर खोकला दाबून बसला, त्यानं डोळ्यांतनं पाणी.

"शिरपा," मला म्हणाला, "खुर्ची जानार बघ माजी."

"जाऊ दे. जीव तर ऱ्हाईल."

"आन घरात भितीसंगं बोलू व्हय?"

उपायही त्यानंच काढला. "तू कवा खोकत न्हाईस. तुजी छाती बैलागत. माज्या नावावर तू आत जा."

गेलो. त्याची टोपी, त्याचं ओळखपत्र, तोंडाला मास्क. फोटो काढायच्या गाडीतल्या मुलीनं विचारलं, "दत्तात्रय ज्ञानू खोत?"

"व्हय."

"श्वास धरा."

धरला.

आठ दिवसांनी भर दुपारी दत्तू वॉचमनच्या कपड्यातच चालत आमच्या घरी आला. चहा नको म्हणाला. जमिनीकडं बघत म्हणाला, "मॅनेजरनं बोलवलंतं. फोटूत डाग निघालाय."

मी सुरूच झालो. किती वर्षं सांगत हुतो, छाती दाखव, छाती दाखव, ऐकलंस का कवा, आता भोग. पाच मिनिटं तरी बोलत असीन. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आरं गाढवा, फोटू तुजा हाय."

*

येताना तो मॅनेजरला सगळं खरं सांगूनच आलता. खुर्ची गेलती. घरी न जाता मला घेऊन तो तसाच सरकारी दवाखान्यात गेला. टीबी निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

मी म्हटलं, काय ध्यानात नाही. दत्तू माझ्या पट्ट्याकडं बघत होता.

"दोन भोकं झाली," तो म्हणाला. "मीच पाडली."

बाईंनी त्याचाही फोटो काढला, माझ्याजवळ रोज बसतो म्हणून. स्वच्छ. खोकला तपकिरीचा आणि जुन्या धुरळ्याचा. खोकणारा साफ, न खोकणारा डागी!

मॅनेजर म्हणजे तोच कोडोलीचा इंजिनिअर. महिन्याभरानं त्यानं दत्तूला परत बोलावून खुर्ची दिली. काय बोलला ते दत्तू सांगत नाही.

सहा महिने रोज सकाळी दत्तू माझ्या दारात. गोळी गिळली तरी हलायचा नाही. "जीब वर कर. आता डावीकडं." कोडोलीहून बहिणीकडची अंडी आणायचा. पँटीचा किस्सा त्यानं परत कुणाला सांगितला नाही. मीच एकदा काढला, तर उठून गेला.

गोळ्या संपल्या. फोटो साफ आला. पट्टा जुन्या भोकावर आला. त्या दिवशी दहा वाजता सायकल घेऊन मी फौंड्रीवर गेलो. सात-आठ गडी गेटपाशी चहा पीत होते. दत्तू खुर्चीतनं उठला आणि काठी आडवी धरली.

"पावणं, थांबा. कोन पायजे?"

"दत्त्या, सरक."

"भाईरच्या मान्साचं स्क्रीनिंग केल्याबिगर सोडत न्हाई. नाव लिवा."

चाळीस वर्षं त्या गेटातनं गेलो-आलो मी, आणि चारचौघांत मला ‘भाईरचा माणूस’ म्हणाला. ह्याचीच माफी अजून बाकी आहे. त्यानं रजिस्टर पुढं धरलं. खोकत नव्हता, तरी डोळ्यांतनं पाणी येत होतं. मी पेन घेतलं आणि येणाऱ्याच्या नावापुढं मोठ्या अक्षरात लिहिलं:

दत्तात्रय ज्ञानू खोत.