धम्मपालच्या सरड्याची शिफ्ट

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत धम्मपाल क्वालिटीला आहे. वांगं घेतानासुद्धा देठापासून बुडापर्यंत फिरवून बघणारा माणूस. त्याने शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळायचं ठरवलं, तोही मोठ्या जातीचा, तेव्हा आठ महिने नुसता अभ्यास केला. सगळ्यांत थोराड जात मादागास्करची. पण तिला गारवा लागतो, आणि धम्मपालच्या तळवड्यात एप्रिलमध्ये तो माणसांनाच मिळत नाही. रिजेक्ट. रानातला सरडा पकडून आणून देणारा एक जण भेटला. "आत जाशील बाबा," म्हणून त्याला चहा पाजून परत पाठवला. शेवटी येमेनकडची जात पास झाली: दीड-दोन फुटांची, ऊन सोसणारी, पिंजऱ्यातच जन्मलेली आणि रीतसर कागदपत्रांसह.

याला चढायला उंची लागते, म्हणून धम्मपालने माणसाएवढा जाळीचा पिंजरा स्वतः बनवला. वाटीतलं पाणी याला कळत नाही, पानावरचे थेंबच चाटतो, म्हणून वर सलाइनची नळी टांगली.

"मला ताप आला तेव्हा क्रोसिनवर भागवलंत," त्याची बायको आम्रपाली म्हणाली. पण सरड्याच्या खाण्यासाठी आणलेल्या रातकिड्यांचा डबा तीच सांभाळू लागली.

नाव ठेवलं रावसाहेब. एक डोळा कामावर आणि दुसरा कामगारावर ठेवणं त्याला उपजतच येत होतं.

चूक झाली ती प्रेमापोटी. कंपनीत दर आठवड्याला शिफ्ट बदलते. आपण घरी असताना रावसाहेब जागा असावा, म्हणून धम्मपाल दिव्याचा टायमरही दर सोमवारी फिरवायचा. नाइटच्या आठवड्यात सकाळी पडदे ओढून तो आणि रावसाहेब दोघंही झोपायचे. दुपारी चारला पिंजऱ्यात उजाडायचं.

दोन महिन्यांत रावसाहेबाने खाणं सोडलं. नाकासमोरून रातकिडा गेला तरी जीभ बाहेर येईना. नवव्या दिवशी धम्मपालने त्याला वाकडच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"दिवा किती वाजता लागतो?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या आठवड्यात?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "अहो, तुम्हाला निदान नाइट अलाउन्स तरी मिळतो. याला रोज एकाच वेळी उजाडलं पाहिजे, नाहीतर हा जगायचा नाही."

घरी येऊन त्याने टायमर सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहा लावला आणि बटणावर पिवळ्या मार्करची रेघ ओढली. कंपनीत नट आवळून झाला की अशीच रेघ ओढतात. मग त्याला कुणी हात लावत नाही. पडदे उघडे राहिले. नाइटच्या आठवड्यात धम्मपाल स्वयंपाकघरात झोपू लागला.

"सरडा खिडकीशी आन् तू सिलिंडरशेजारी व्हय रे भावा?" मशीनवरच्या कोंडीरामने विचारलं.

"तो आजारी आहे, राव."

"मंग जागा कवा दिसतो तुला?"

"या आठवड्यात दोनच तास," धम्मपाल म्हणाला.

बारा दिवस गेले. दुपारची सेकंड शिफ्ट होती. चहाच्या सुट्टीत आम्रपालीचा फोन आला.

"खाल्ला."

"पूर्ण गिळला की नुसता तोंडात धरलाय?"

"पूर्ण. पायांसकट."

"रंग?"

"हिरवा. आणि आता डब्याकडे बघतोय."

"दुसरा सोड. मी फोन चालू ठेवतो."

भोंगा झाला. माणसं कप ठेवून आत गेली. पंधरा वर्षांच्या नोकरीत धम्मपाल त्या दिवशी पहिल्यांदा चहावरून चार मिनिटं उशिरा परतला. दुसरा रातकिडा जरा चपळ निघाला होता.