लहान बंगल्यातली पंगत

खांब गावचा बंगला विकून मी पेणला रामवाडीत आले, तेव्हा घर लहान घ्यायचं हे मीच ठरवलं होतं. नवरा गेल्यावर एवढ्या खोल्या झाडत बसायची मला हौस नव्हती. घोळ झाला तो लहान म्हणजे किती यात. खांबकडे लहान बंगला म्हणजे चार खोल्या आणि पंगत बसेल एवढी पडवी. पेणला दोन खोल्या, वर जायला जिना आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत असली, की झाला बंगला. पडवीत किती पानं मांडता येतील, असं मी एजंटला विचारलं. तो म्हणाला, "पडवी नाय, पार्किंग हाय. एक गाडी आरामात बसंल." माझ्याकडे सायकलसुद्धा नाही. तरी घेतला. दवाखाना जवळ होता आणि दार माझं एकटीचं होतं.

पावसाळ्यात धाकटे दीर रोह्याहून आले. चहा घेतला, हॉल नजरेने मोजला आणि गणपतीचा पाट मागितला. आमच्याकडे घरचा पाट जोह्याला मूर्तींच्या कारखान्यात नेऊन देतात, त्यावरच मूर्ती बसते. ज्याने पाट दिला, गणपती त्याच्या घरी. इतकी वर्षं तो आमच्याकडे यायचा. दिरांचं म्हणणं, त्यांचा बंगला मोठा आहे, इथे माणसं उभी तरी कुठे राहणार? बोलणं गोड होतं, पण मला मिरच्या झोंबल्या. बाई एकटी राहिली की तिच्या घरातला देवसुद्धा लोकांना जास्तीचा वाटतो. पाट देणार नाही, असं मी तोंडावर सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तो मांडीवर घेऊन एसटीने जोह्याला गेले.

चतुर्थीला मखराने अर्धा हॉल खाल्ला. आरतीला काही जण जिन्यावर, काही थेट रस्त्यावर. पंगत मी पार्किंगमध्ये मांडली. गुडघ्याला गुडघा लागत होता, पण सगळे बसले. वालाचं बिरडं वाढत मी दिरांपर्यंत पोचले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "वहिनी, जागा कमीच पडली."

आयुष्यभर मी पंगतीत 'सावकाश होऊ द्या' म्हणत आले. त्या दिवशी नाही म्हटलं.

"मग पटापट आटपा भावोजी, मागं दुसरी पंगत उभी हाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि पुढच्या वर्षी पण पाट मीच नेणार."