भिंतीला येतं ते

चिमी घरापासून दूर, परमुलखातल्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करायची. तिथली माणसं तिला तिथल्याच भाषेत हाक मारत आणि तिथल्याच भाषेत झापत. ती भाषा शिकायला तिने जिवाचं रान केलं होतं. आता ती जिभेवर अशी ऐसपैस बसली की आपली भाषा अंग चोरून कोपऱ्यात गेली. शब्द काही विसरले नव्हते, दुसऱ्या कुणी उच्चारले की लगेच ओळखीचे वाटत. पण चिमीला हवा असेल नेमका तोच शब्द दडी मारायचा आणि तिथला आगाऊपणे पुढे यायचा.

रविवारी बहिणीचा, ताईचा, फोन यायचा. ताईला दम धरणं कधी माहीतच नव्हतं.

"खोलीत ना ताई, भिंतीला ते येतं..."

"काय, ऊन?"

चिमीला ओल म्हणायचं होतं. शोधून शोधून ती मेटाकुटीला आली. "हो, तेच."

"आणि खोली ना, जमिनीच्या..."

"जमिनीलगत? मग अंगण असेल की! मजा आहे बाई तुझी, चिमे."

खोली तळघरात होती. पण होता होता ताईने तिला ऊन दिलं, अंगण दिलं, कामावर बसायला खुर्चीसुद्धा दिली. चिमी हो म्हणत गेली.

खोकला छातीत बसला तेव्हा मात्र तिने मनाचा हिय्या केला.

"ताई, मला परत यायचंय. माझी मागची खोली झाडून ठेव."

"ऊन-अंगण सोडून? डोकं फिरलंय का?"

"ऊन नाही गं. भिंतीला हात लावला की हात भिजतो. गादीसुद्धा भिजते. खिडकीच नाही."

ताई पहिल्यांदाच मध्ये बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "ओल म्हणतेस?"

"हो. ओल."

"मग इतके दिवस आम्हाला बनवत होतीस?"

"तू म्हणायचीस, मी हो म्हणायचे."

"आणि मी घरोघर सांगत सुटले!" ताईचा आवाज उतरला. "चिमे, तुझी खोली भाड्याने दिली गं. कालच आलेत राहायला. तू कशाला येतेस आता परत, असं वाटलं आम्हाला."

चिमीने उशी भिंतीपासून जरा लांब ओढली.

"कोण आहेत?" तिने विचारलं.

ताईला हायसं वाटलं असावं. ती भडाभडा सांगू लागली. नवं जोडपं आहे, मुलगी गुणाची आहे, पडदे निळे लावलेत, खाट खिडकीशी सरकवलीय. चिमी "हं, हं" करत ऐकत राहिली.