बंकरबाहेरचे दोन फटके

आई गेल्यावर वर्षभराने बाबा पुन्हा गोल्फ खेळू लागले. मधल्या काळात खेळाचे नियम बदलले होते. जुने त्यांना पाठ होते, नवे मोबाइलवर वाचायचा त्यांना कंटाळा. "तू वाच आणि मला सांग," म्हणाले. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं. केंद्र सरकारच्या नोकरीत, जलखात्यात इंजिनिअर म्हणून सगळी वर्षं दिल्लीत काढलेला हा माणूस. स्वतः वाचल्याशिवाय त्यांनी कशावरच सही केली नसेल. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षरं नकोशी झाली होती, आणि माझ्यावर विश्वास होता. हे दुसरं कारण लिहिताना मला जड जातं.

नोएडातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, शनिवारच्या चहाबरोबर, मी त्यांना एकेक बदल समजावून सांगितला. पेनल्टी घेऊन चेंडू पुन्हा मैदानात टाकायचा तर आता खांद्याच्या उंचीवरून नाही, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. हरवलेला चेंडू पाच मिनिटं नाही, तीनच मिनिटं शोधायचा. होलमधला झेंडा न काढता चेंडू आत ढकलला तरी चालतो. होलभोवतीच्या हिरवळीवर चुकून पाय लागून चेंडू हलला तर दंड नाही, जागेवर ठेवायचा. बाबा प्रत्येकाला "का?" विचारायचे. पटलं की म्हणायचे, "अच्छा, म्हणजे थोडी अक्कल आली यांना." गुडघ्याचा नियम त्यांनी लगेच उठून लिंबू घेऊन करून पाहिला. लिंबू वॉशिंग मशीनखाली गेलं. "हा चेंडू हरवला," म्हणाले. "तीन मिनिटं."

मग बंकर आला.

बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. चेंडू त्यात पडला की वाळूसकट उचलून बाहेर मारावा लागतो, आणि त्याला खांद्यात जोर हवा. बाबांच्या उजव्या खांद्यात तो उरला नव्हता. एका बंकरमध्ये ते सहा-सात फटके मारायचे. चेंडू कडेपर्यंत चढायचा आणि घरंगळत पुन्हा त्यांच्या बुटांपाशी यायचा. मागे, आमच्यानंतर खेळणाऱ्या चौघांचा गट कमरेवर हात ठेवून उभा असायचा. मी मोबाइल काढून त्यात बघत बसायचो.

नवा नियम असा आहे, की बंकरमधला चेंडू खेळण्याजोगा नाही असं तुम्ही ठरवलंत, तर तो उचलून बंकरच्या बाहेर, मागच्या बाजूला टाकता येतो. आधी ही सोय नव्हती. मात्र तिची किंमत म्हणून दोन फटके हिशेबात वाढतात, आणि गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे. बंकरच्या आतच दुसरीकडे टाकला तर एक, बाहेर नेला तर दोन.

मी बाबांना सांगितलं, बाहेर नेता येतो, एक फटका.

मी चुकीचं वाचलं नव्हतं. दोन म्हटलं असतं तर त्यांनी हिशेब केला असता, म्हणाले असते की दोनात तर मी मारूनच काढतो, आणि पुन्हा वाळूत उतरले असते. बरीच वर्षं नसली तरी बरेच महिने मी स्वतःला समजावत होतो, की हे त्यांच्या खांद्यासाठी केलं. खांद्यासाठी नव्हतं. मागच्या लोकांसमोर मला माझ्या बापाची लाज वाटत होती.

दर रविवारी आम्ही दोघंच खेळायचो, तोवर या खोट्याने काही बिघडलं नाही. बाबा चेंडू उचलायचे, बाहेर टाकायचे, एक फटका वाढवायचे आणि खूश असायचे. गेल्या थंडीत क्लबने ज्येष्ठांची आणि बाकीच्यांची मिळून एक स्पर्धा ठेवली. बाबांनी दोघांची नावं दिली. आमच्या गटात तिसरे एक निवृत्त पंजाबी कर्नल होते. गोल्फमध्ये आपले फटके दुसऱ्या खेळाडूने लिहायचे असतात, त्याला मार्कर म्हणतात. शेवटी मार्कर कार्डावर सही करतो, म्हणजे हे आकडे खरे आहेत अशी हमी देतो. बाबांचा मार्कर मी होतो.

त्या दिवशी धुक्यामुळे खेळ उशिरा सुरू झाला. बाबा दोनदा बंकरमध्ये गेले. दोन्ही वेळा कर्नलसाहेब दूर, स्वतःचा चेंडू शोधत होते. पहिल्या वेळी वाळूत नीलगायीचे खूर उमटलेले होते आणि चेंडू नेमका एका खुराच्या खड्ड्यात. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाहेर नेतो. एक लिही." मी एक लिहिला. दुसऱ्या वेळीही लिहिला. शेवटी सही केली.

आकडे लागले तेव्हा ज्येष्ठांमध्ये बाबा तिसरे होते. निकाल अजून जाहीर व्हायचा होता, तरी त्यांनी साताऱ्याला आत्याला फोन करून टाकला. चहाच्या टेबलावर ते कर्नलसाहेबांना रंगवून सांगू लागले, की नव्या नियमाने मला कसं वाचवलं, एका फटक्यात बंकरबाहेर. कर्नलसाहेबांनी कप खाली ठेवला. "एक नहीं, साहब. बाहर निकालो तो दो लगते हैं."

"एकच. माझ्या मुलाने वाचलंय," बाबा आधी मराठीतच म्हणाले आणि मग हिंदीत.

कर्नलसाहेब भांडले नाहीत. स्पर्धेच्या सेक्रेटरींना बोलावलं. ते शांत गृहस्थ होते, मोबाइलवर नियम काढून त्यांनी वाचून दाखवला. मग बाबांना म्हणाले, घाबरू नका, पेनल्टी माहीतच नसेल तर खेळाडू बाद होत नाही, राहिलेले फटके मिळवायचे आणि पुढे जायचं. हाही बदललेल्या नियमांतलाच. दोन फटके वाढले आणि तिसरा नंबर गेला. बाबा लगेच म्हणाले, बिल्कुल बरोबर, मिळवा.

मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. त्यांनी सहज विचारलं, "आपको भी पता नहीं था न?"

"नाही" म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. माझ्याआधी बाबाच बोलले. चूक माझी, मी स्वतः वाचायला हवं होतं, याने बिचाऱ्याने घाईत वाचलं असेल. ते मला वाचवत होते. कर्नलसाहेब माझ्यासाठी चहा ओतत होते.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. मराठीत, कारण ते बाबांना सांगायचं होतं. मग सेक्रेटरींना हिंदीत सांगितलं. जाणूनबुजून चुकीच्या आकड्यावर सही करणारा मार्कर स्वतः खेळाडू असेल तर त्याला बाद करतात. त्यांनी माझं नाव खोडलं. ते मला पटलं.

गाडीत बाबा पुढे बसले, बेल्ट लावला. टोलनाका आला. मग समोर बघत म्हणाले, "आणखी कोणते नियम अर्धे सांगितलेस?"

मी म्हणालो, एवढाच.

"आणि का?"

यालाही मला सोपं उत्तर सुचलं होतं, खांद्याचं. ते दिलं नाही. मागचे लोक बघायचे, मला लाज वाटायची, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हां. मलाही वाटायची," म्हणाले. पुढे म्हणाले, "पण मी मारत होतो." घरी पोचल्यावर त्यांनी आधी आत्याला फोन केला. तिसरा नाही आलो, मोजण्यात चूक झाली होती, एवढंच. माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळे नियम मोठ्या अक्षरांत छापून आणायला लावले. आता ते स्वतः वाचतात, भिंग घेऊन, आणि मला प्रश्न विचारत नाहीत.

रविवारी अजून बरोबर जातो. त्यांचं कार्ड कर्नलसाहेब लिहितात. मी बंकरजवळ दाताळं घेऊन उभा राहतो, नंतर वाळू सारखी करायला. बाबा आधी एकदा मारून बघतात, कधी दोनदा. मागे लोक उभे असतात. नाहीच निघाला तर चेंडू उचलतात, बाहेर येतात आणि दोन बोटं वर करतात. कर्नलसाहेब लिहून घेतात. पण बोटं वर करताना बाबा बघत असतात माझ्याकडे, मी मान हलवेपर्यंत.