एकोणीस कप आणि मामाच्या दारातला मी

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव वाचून खिदळणाऱ्यांपैकी मी एक. कुणाला वडाखाली बाई दिसली की मी बायकोला मोठ्यांदा वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, "काय खाऊन झोपला होता, विचार याला!" बारामतीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार जळली तर का जळली ते सापडतंच; सापडलं नाही तर आपण नीट शोधलं नाही, एवढंच. असा माणूस आज इथं लिहायला बसलाय... हसा खुशाल. मीही हसलोच असतो.

शहाण्णव सालचा एप्रिल. धाकट्या बहिणीचं, नंदाचं, लग्न ठरलेलं. माझं अजून व्हायचं होतं. घरात आम्ही तिघंच — आबा म्हणजे वडील, मी आणि ती. आई जाऊन सात वर्षं झाली होती. आईच्या दहाव्याला मामा सगळ्यांदेखत आबांना म्हणाला होता, "येळंवर दवाखान्यात न्हेली आसती तर माझी भन आज जिती आसती." आबांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद.

आता लग्नात नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. तोच तिला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणतो. नंदाचा एकच हट्ट — मामा पाहिजे. आणि आबांचं एकच — "त्याच्या दारात पत्रिका गेली, तर मी मांडवात पाय ठिवणार न्हाय."

मी पत्रिका वाटायला निघालो त्या सकाळी नंदानं एक पत्रिका माझ्या पिशवीत तळाशी सरकवली. वर तिच्या अक्षरात मामाचं नाव. म्हणाली, "दादा, आईच्या वतीनं कुणीतरी नको का रं माझ्या पाठीशी? येवढं कर." मी म्हणालो, "बघतो." मी बघतो म्हणालो म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक होतं. आबांना मी भीत होतो. एकोणतीस वर्षांचा घोडा, पण त्यांनी नुसतं खाकरलं तरी माझं पाणी व्हायचं.

एम-एटी गाडीवर पिशवी लावून निघालो. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे... असं करत इंदापूरपर्यंत जायचं. मामाची वस्ती त्याच वाटेवर, निमगाव केतकीच्या अलीकडं, डांबरीपासून आत. आदल्या दोन रात्री लग्नाच्या धावपळीत झोप अशी नव्हतीच.

आमच्याकडं लग्नाचं बोलावणं घेऊन आलेल्या माणसाला कोरड्या तोंडानं परत पाठवत नाहीत. चौकटीला कुंकू लावलं, अक्षता दिल्या, की चहा आलाच. "नको, आत्ताच झाला" म्हटलं की घरची बाई म्हणणार, "आवो, शुभकार्याचं बोलावणं हाय, न्हाय म्हणू ने." बरं, चहा नको म्हणून हटून बसलं, तर? तर आतून हुकूम सुटतो, "पाव्हण्याला चहा चालत न्हाय, कापी टाक!" आणि जायफळ घातलेली, दाट दुधाची कॉफी पुढ्यात येते. शहाणा मी! मला वाटलं, कॉफी म्हणजे चहावर उतारा. म्हणून लासुर्ण्यापासून पुढं मी आपणहून कॉफीच मागत सुटलो. जेवायला थांबा म्हणून सगळेच म्हणत होते, पण मी थांबत नव्हतो. दुपारी डोकं ठणकायला लागलं, तशा किराणा दुकानातून डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेऊन त्या गिळल्या. त्याही कॉफीबरोबर.

सुरुवातीला काय हुशारी वाटत होती म्हणता! कुणाच्या घरात किती माणसं, कुणाला 'सहकुटुंब' म्हणायचं, सगळं तोंडपाठ. डोळे टक्क उघडे. अंथुर्ण्यात मात्र पेन धरता येईना, बोटं थरथरायला लागली. छातीत धडधड, तळहाताला घाम, आणि कारण नसताना भीती... मागून कुणीतरी येतंय आणि ते आबा आहेत, अशी.

शेळगावला आबांचे मित्र तात्या राहतात. त्यांच्या ओसरीवर एकोणिसावा कप हातात असताना ते झालं. तात्या बोलत होते, मी उत्तर देत होतो, आणि तो आवाज माझा नव्हता. म्हणजे माझाच होता, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. मांडीवरचा हात कुणा दुसऱ्याचा ठेवल्यासारखा दिसत होता. आणि मग मला मी दिसलो... समोर, खांबाला टेकून बसलेला, पांढऱ्या शर्टाचा, खिशाला कुंकवाचं बोट लागलेला. तो माणूस उठला, चपला घातल्या आणि दाराबाहेर गेला. मी बसूनच होतो.

पुढचं मला तात्यांनी सांगितलं. कप हातातून पडला आणि मी आडवा झालो. तेव्हा तीन वाजले होते. तात्यांनी कांदा फोडून नाकाला लावला, गावातल्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टर शांत माणूस. दिवसभराचा हिशेब विचारला आणि हसले. "चहात कॅफिन, कॉफीत त्याहून जास्त, आणि तुमच्या त्या डोकेदुखीच्या गोळीतही तेच. वर पोट रिकामं, झोप नाही. धडधड होणार, घाबरं होणार. काहींना आपणच आपल्याबाहेर असल्यासारखं वाटतं. उतरेल." सहा वाजेपर्यंत मी तिथं पडून होतो, आणि तात्या उशाशी बसून होते. जागचे हलले नाहीत.

तात्यांनी मला पुढं जाऊ दिलं नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं. मामाकडं न जाण्याला आयतं कारण मिळालं. उरलेल्या पत्रिका पोस्टानं टाकल्या. मामाची तेवढी दुकानात तारेच्या रिळांमागं दडवली. नंदानं विचारलं, "दिली?" मी म्हणालो, "दिली." वाटलं, मामा येणार नाही, ती मामावर रुसेल, विषय संपेल. माझा दोष त्या माणसाच्या माथी मारून मी मोकळा होणार होतो. लाज वाटते लिहायला.

लग्नादिवशी मुहूर्ताला दहा मिनिटं असताना मामा मांडवात आला.

नवा फेटा, अंगात कोरा नेहरूशर्ट. नंदानं त्याला पाहिलं आणि मुंडावळ्यांसकट जाऊन त्याच्या गळ्यात पडली. दोघंही रडायला लागली. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आबा पुढं आले. मला वाटलं, झालं आता! त्यांनी विचारलं, "कुणी बोलावलं तुला?" मामा म्हणाला, "तुमच्या लेकानं. दारात यून, पाया पडून बोलावलं." आबांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर अजून अंगावर येते. पण पोरीला तसं बिलगलेलं बघून ते मांडव सोडून गेले नाहीत. मान फिरवून अक्षता हातात घेतल्या. नंदाच्या पाठीशी मामा उभा राहिला.

जेवणाच्या पंगतीत मामाला गाठलं. विचारलं, "मामा, मी कधी आलो होतो?"

"आरं, याड लागलं का? त्या दिवशी न्हवता का आलास, धारा काढायच्या आदी, चारच्या सुमाराला. चालत आलास. गाडी कुठं हाय म्हणलं तर म्हणलास, माघारी राहिली. खिशाला कुकू लागल्यालं. पत्रिका न्हवती, नुसत्या अक्षता दिल्यास. मामीनं चहा टाकला तर म्हणलास, नको, आज लई झाला."

मी घाम पुसला. "आणखी काय म्हणलो?"

मामा हळू आवाजात म्हणाला, "म्हणलास, मामा, मी भित्रा हाय. पुन्यांदा मला यायला जमायचं न्हाय, म्हणून आत्ताच आलूय. नंदीच्या पाठीशी हुबा ऱ्हा. आन् रडलास. तुला रडताना म्या पैल्यांदा बघितलं."

चार वाजता मी शेळगावात कांदा हुंगत पडलेला. तात्यांना पुन्हा विचारलं, डॉक्टरांनाही जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काय दिसलं ते मी सांगू शकतो. तुमच्या मामाला काय दिसलं ते कसं सांगू? त्यांनी काय एकोणीस कप प्यायले होते का?"

आबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी न केलेल्या गोष्टीबद्दल. आणि नंदा दर भाऊबीजेला ओवाळताना म्हणते, "दादा, तू गेलास म्हणून माझं लग्न लग्नासारखं झालं." तेही न केलेल्या गोष्टीबद्दलच. मी ताटात ओवाळणी टाकतो.

दोन वर्षांनी मामाला बारामतीला दवाखान्यात ठेवलं, फुफ्फुसात पाणी झालं होतं. तोवर मी एकदाही त्याच्या वस्तीवर गेलो नव्हतो. आबा काय म्हणतील, हेच कारण... आणि त्या दारात पाय टाकायची धास्ती. दुपारी एकटाच भेटायला गेलो. ठरवून गेलो होतो, खरं काय ते सांगायचं. मामानं हात धरला, माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिला.

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मामा, त्या दिवशी मी..."

"व्हय," तो म्हणाला, "त्या दिवशी त्यो आल्ता. लई ग्वाड बोलला. त्याची लई वाट बघितली रं म्या... त्यो काय पुन्ना आला न्हाय."

तिसऱ्या दिवशी मामा गेला. ज्यांना याचा काही उलगडा होत असेल त्यांनी जरूर कळवावं. माझ्याकडं नाही. नंदाला मी अजून काही सांगितलेलं नाही.