तान आणि ताण

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. चौथीनंतर पेन हातात फारसं आलंच नाही. कुणी वाचलंच तर माफ करा. न आणि ण मध्ये तर मी अजून चुकते, आणि ही गोष्ट त्याच चुकीची आहे.

थोरल्या जाऊबाईंची मुलगी हिंगोलीला कॉलेजात शिकते. उन्हाळ्यात तिनं अभ्यासासाठी आणलेला एक पट्टा माझ्या मनगटावर बांधला. त्याच्या खालच्या दोन चकत्या कातडीला टेकायच्या.

"काकू, नाडी आन् घामावरून हा ताण ओळखतो. थरथरला की ध्यानात ठेवा, तवा काय चाललं होतं."

आमच्याकडं तहानेला तान म्हणतात. मला वाटलं, तहान सांगणारं यंत्र निघालं! पट्टा थरथरला की मी माठाकडं जाऊन तांब्याभर पाणी प्यायची.

शेळ्यांमागं बाभळीच्या सावलीत बसले की पट्टा गप्प. जाऊबाई अंगणात आल्या की थरथर. त्या शेळ्या मी त्यांच्याकडून उसने पैसे आणून घेतल्या होत्या. द्यायला उशीर होत होता, आणि "जरा थांबा" एवढंही माझ्या तोंडून निघत नव्हतं.

एकदा त्या आल्या आणि मी माठाकडं निघाले.

"काहून गं, मी आले की तुला तान लागते? माझं तोंड पाहून घसा सुकतो का?"

"न्हाई अक्का, पट्टा सांगून राहिला."

दारातली पुतणी हसून हसून खालीच बसली. "काकू, तान न्हाई, ताण! टेन्शन! तुमाला आईचं टेन्शन येऊन राहिलं!"

पट्टा पुन्हा थरथरला. लपायला जागा नव्हती. मी पदर तोंडाला लावून एकदाचं बोलले, "अक्का, बोकड मोठे झाले की इकते आन् पैसे देते. तवर थांबा."

"पैशाचं व्हय? येडे, मला वाटलं तू रुसली माझ्यावर. एवढं बोलायला यंत्र लागलं तुला!"

दिवाळीआधी बाळापूरच्या बाजारात बोकड विकले. चांगला भाव आला. पैसे पदराच्या गाठीत बांधून तशीच जाऊबाईंच्या दारात गेले. त्यांनी नोटा मोजल्या.

"बराबर हाय. सगळे फिटले," त्या म्हणाल्या आणि आत तोंड करून पोरीला ओरडल्या, "काकूला पानी आन गं, तान लागली असंल!"