काबरीसाठी काढलेला घास

फळ्यावर ‘जिवाणूंचे पोषण’ असं लिहिलं की माझा वर्ग जांभया देतो. म्हणून यंदा ठरवलं, नमुनेच आणून समोर ठेवायचे. ऑक्टोबरातल्या एका रविवारी पिशवीत रिकाम्या बाटल्या भरल्या, स्कूटीत दोनशेचं पेट्रोल टाकलं आणि निघाले.

पहिला थांबा हर्सूल तलाव. काठाला पाण्यावर हिरवी साय धरली होती. फिरायला आलेले एक काका म्हणाले, “मॅडम, कुणी रंग सांडलाय का हो?”

“नाही काका, जिवाणू आहेत. उन्हावर स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात.”

“आमच्या घरी कुणी नाय बा असं,” म्हणत काका पुढे गेले.

फुलंब्रीवरून खुलताबादला जाणार असाल तर सकाळीच निघा, रस्ता मोकळा मिळतो. खड्डे आहेत, पण घाबरण्यासारखं काही नाही. वाटेत भुईमूग काढणं चाललं होतं. एक वेल मागून घेतला. मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू पिकाकडून साखर घेतात आणि हवेतलं नत्र त्याच्या पदरात टाकतात. असे भाडेकरू मलाही चालतील.

खुलताबादच्या अलीकडे माझी शाळेतली मैत्रीण सुमन राहते. घर मेंढपाळांचं, आता थोडी शेती आणि मोजक्या शेळ्या. पाल्यापाचोळ्यावर जगणारे जिवाणू मला तिच्या उकिरड्यातून हवे होते. मूठभर माती बाटलीत भरली, तरी सुमन गोठ्यातून उठेना. तिची काबरी शेळी मान टाकून पडली होती आणि दोन करडं कोरड्या आचळाला लुचून ओरडत होती.

“खोकत होती म्हणून ह्यांनी माणसाच्या गोळ्या चारल्या. तवापासून चाऱ्याला तोंड लावंना. मंदे, जाती की काय गं ही?”

मी कपाळावर हात मारला. चारा खाते शेळी, पण तो पचवतात तिच्या पोटातले जिवाणू. चाऱ्यावर ते जगतात आणि त्यांच्यावर शेळी. गोळ्या अँटिबायोटिक होत्या, त्यांनी नेमके तेच मारले असणार. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, संध्याकाळी येतो, तोवर धडधाकट शेळीचा रवंथ काढून पाजा, त्यातले जिवाणू हिच्या पोटात जातील.

“व्हय की! मामंजी करायचे असं,” सुमन ताडकन उठली.

तिचे यजमान दादाराव मात्र अडून बसले. “दुसरीच्या तोंडातलं उष्टं? उगं अजून काही व्हईल, ताई.”

“गोळ्या तुम्ही दिल्यात ना? मग आता शेळी धरा.”

धरली बिचाऱ्यांनी. दुसरी शेळी रवंथ करू लागताच सुमननं जबड्याच्या कडेनं बोटं घालून घास काढला. कोमट पाण्यात कालवून तो थोडा थोडा काबरीला पाजला. काबरी तशीच पडून राहिली. “उठेल बघ,” असं मी ठणकावून सांगितलं खरं, पण दौलताबादचा घाट उतरताना माझी मलाच खात्री उरली नव्हती. खाली सीताफळं घेतली, तीही घासाघीस न करता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, तेवढ्यात सुमनचा फोन. हॅलो नाही, काही नाही. नुसताच कचर कचर आवाज.

“ऐकलंस का? तिच्या तोंडाशीच धरलाय फोन,” सुमन ओरडली. “दुपारपासून रवंथ करती! लई नाय, पण करती.”

मला रडूच आलं. मग डोळे पुसले, तिला फोन पुन्हा तिथंच धरायला लावला आणि तो आवाज रेकॉर्ड करून घेतला. उद्या तासाला बाटल्यांच्या आधी तोच लावणार आहे. बघू कोण जांभई देतं.